यानाच्या पोटात अडकलेलं पिल्लू: एका बचावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रोडला आमची सोसायटी आहे, चार विंग, आणि सोसायटीचं स्वतःचं छोटं गणेश मंडळ. नावं कुणाचीच देत नाहीये, पण ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहितोय. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, नोकरी रबाळे एमआयडीसीत, आणि मंडळाच्या देखाव्याचं टेक्निकल काम माझ्याकडे, म्हणजे खाली जे काही चुकलं असं लिहिलंय त्यातलं बरंचसं माझं आहे.

२०२५ साली देखावा अंतराळयानाचा करायचा हे मे महिन्यातच ठरलं होतं, पण खरा जोर आला तो अंतराळवीर शुभांशु शुक्लांमुळे. २५ जूनला उड्डाण, मग १८ दिवस स्पेस स्टेशनवर, आणि १५ जुलैला परत, त्या दिवशी आमच्या क्लबहाऊसमध्ये पोरं प्रोजेक्टर लावून बसली होती. तर देखाव्याची गोष्ट अशी की एका यानाच्या इंजिनरूममध्ये अंतराळवीर अडकलाय, आत जाणं धोक्याचं आहे, आणि दुसऱ्या यानातली एक मुलगी डोक्याला मेंदूच्या लहरी टिपणारी पट्टी लावून नुसत्या मनाने एक रोव्हर, म्हणजे चाकांची छोटी गाडी, आत पाठवते आणि त्याला बाहेर काढते. थर्माकोलला २०१८ पासून बंदी, म्हणून यान बांबू, प्लायवूड, पुठ्ठा आणि सनबोर्डचं, प्लायवूडच्या डेकखाली तेवढी अॅल्युमिनियमची फ्रेम. पुढे, जिथून यान चालवतात त्या जागी बाप्पा. मागची दहा फुटांची शेपटी मात्र चंदेरी कापडाची, ब्लोअरने हवा भरून फुगवलेली, आणि ती स्टिल्टच्या (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेच्या) बाहेर येत होती म्हणून तिच्यावर ताडपत्री.

पट्टीबद्दल थोडं सांगायलाच हवं कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद हान्स बर्गरने १९२४ मध्ये घेतली, ती छापून आली १९२९ मध्ये, आणि या लहरींवर कॉम्प्युटर चालवता येईल का हा प्रश्न जाक विदाल यांनी १९७३ मध्ये नीट मांडला. आज ज्यांच्या डोक्यात शस्त्रक्रिया करून चिप बसवतात, त्यातल्या एका प्रकारात चार मिलिमीटरच्या चौकोनात ९६ इलेक्ट्रोड (सिग्नल टिपणारी टोकं) असतात. आमच्या पट्टीला कपाळावर टेकणारा एक कोरडा इलेक्ट्रोड आणि कानाला एक क्लिप, बस. ती दर सेकंदाला ० ते १०० मध्ये एकाग्रतेचा आकडा देते. आकडा ६० च्या वर गेला की रोव्हर पुढे, खाली आला की थांबला. दोनदा पटकन पापण्या मिटल्या की उजवीकडे, तीनदा मिटल्या की डावीकडे.

आता मेंदूचा सिग्नल कपाळावर येईपर्यंत काही मायक्रोव्होल्टचा उरतो, आणि पापणी हलली की त्याच्या कितीतरी पट मोठा झटका त्याच तारेत येतो. म्हणजे आम्ही "मनाने चालणारा" म्हणत होतो तो रोव्हर अर्धा पापणीवर चालत होता. हे मला माहीत होतं. लोकांना सांगितलं नव्हतं.

ऑपरेटर म्हणजे आमच्याच बी विंगमधली इन्स्ट्रुमेंटेशनच्या थर्ड इयरची मुलगी. दीड महिना रोज संध्याकाळी तिने सराव केला. आकडा वर न्यायचा तर मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचा, थांबवायचं तर पाढा सोडून द्यायचा, ही तिची स्वतःची युक्ती. सोप्या पाढ्याने आकडा चढत नाही म्हणायची, तो आपोआप येतो, डोकं लागत नाही. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी म्हणताना तिच्या कपाळाला बारीक आठी पडायची आणि रोव्हर निघायचा (आठीचाही सिग्नल त्यात येत असणार).

नेमकं झालं काय

१ सप्टेंबर, गौरीपूजनाचा दिवस, संध्याकाळपासून पाऊस. घराघरात पुरणाचा वास, काही घरी तिखटाचा नैवेद्य, खाली देखाव्याला पाहुण्यांची गर्दी. आठचा शो झाला आणि पुढच्या शोआधी, साधारण पावणेनऊला, यानाच्या आतून मांजराच्या पिल्लाचा आवाज यायला लागला. ए विंगच्या जिन्याखाली एक मांजर व्यालेली होती, महिन्याभराची तीन पिल्लं, त्यातलं करड्या रंगाचं गायब होतं.

टॉर्च मारून शेपटीतून आत पाहिलं तर शेपटी संपते तिथून पुढे नऊ फुटांवर, प्लायवूडच्या डेकखाली, डाव्या कोपऱ्यात पिल्लू बसलेलं. तिथेच एलईडी पट्ट्यांचा पॉवर सप्लाय होता. तो गरम असतो, पावसात भिजलेलं पिल्लू उबेला गेलं असणार. त्या पॉवर सप्लायच्या टर्मिनलवरचं प्लास्टिकचं झाकण आम्ही वायर बदलताना काढलं होतं आणि परत लावलंच नव्हतं. म्हणजे २३० व्होल्टचे उघडे स्क्रू, आणि पिल्लाची शेपटी त्यापासून चार बोटांवर.

बरं, तेवढंच नाही. ताडपत्री एका जागी फाटली होती, शेपटीच्या कापडाच्या खोलगट भागात बादलीभर तरी पाणी साचलं होतं, आणि तिथून एक धार डेकखाली वाहत होती. आवाज सुरुवातीला जोरात होता, मग बारीक झाला, आणि पाच-सात मिनिटांनी थांबला. गर्दीतली लहान मुलं रडायला लागली तेव्हा आमच्या सगळ्यांच्याच पोटात गोळा आला.

समोर कोणते पर्याय होते

पहिला विचार अर्थातच मेन बंद करायचा. अध्यक्ष काका तर मीटररूमकडे निघालेच होते, मीच त्यांना थांबवलं, कारण पॉवर सप्लाय आणि ब्लोअर दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होते. मेन बंद म्हणजे ब्लोअर बंद, मग मिनिटभरात शेपटी खाली बसणार, साचलेल्या पाण्यासकट, आणि आत जायचा एकमेव रस्ता बंद. ओल्या जड कापडाखाली पिल्लू गुदमरलं तर? हा हिशोब तेव्हा मला अगदी पक्का वाटला होता.

दुसरं, डेक वरून उघडायचा. पण डेकच्या पुढच्या भागावर बाप्पाचा चौरंग, आणि प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेशिवाय हलवत नाहीत. यावर दोन-तीन मिनिटं कुजबुज झाली, कुणी स्पष्ट बोलेना. पिल्लांना रोज दूध ठेवणाऱ्या डी विंगच्या आजींनी ते मिटवलं, म्हणाल्या, "गुरुजींना फोन लावा, आत्ता उत्तरपूजा करू, आपल्याकडे पाच दिवसांचा होता असं समजायचं." गुरुजी फोनवर तयार झाले, पण ते माजिवड्याला, गौरीच्या दिवशीचा घोडबंदर रोड, किमान पाऊण तास. मोडतोड करायची तर मूर्ती आधी हलवणं भागच होतं, तेव्हा हा पर्याय हातात ठेवला पण त्यावर थांबून राहिलो नाही.

तिसरं, माणूस आत पाठवायचा. डेकखाली उंची जेमतेम सव्वा फूट, मोठा माणूस जाणं शक्य नाही. सी विंगचा तेरा वर्षांचा एक मुलगा पुढे आला, "मी बसतो त्यात, क्रिकेटचा बॉल काढायला गेलोय मी आत." त्याच्या आईने त्याचा दंड धरून ठेवला होता पण तीही माझ्याकडे बघत होती, म्हणजे मी हो म्हटलं असतं तर कदाचित सोडलं असतं तिने. मी नाही म्हटलं. त्या रात्रीच्या सगळ्या निर्णयांत हा एकच निर्णय असा आहे ज्याबद्दल मला आजही काहीही बदलावंसं वाटत नाही.

चौथं, १०१ ला फोन. तो लगेच केला, निघतो म्हणाले.

आणि पाचवा पर्याय समोर उभाच होता, टेबलावर, चार्ज केलेला. रोव्हर बुटाच्या खोक्याएवढा, पुढे कॅमेरा, अख्खा प्लास्टिकचा, रबरी चाकं. दीड महिना आम्ही याच गोष्टीची तालीम केली होती, आत कुणीतरी अडकलंय आणि रोव्हर त्याला आणतो. ऑपरेटरने पट्टी कपाळाला लावलीसुद्धा. "दादा, मी करते."

इथे मला जे लक्षात आलं नाही ते सांगतो. रोव्हर फोनवरूनही चालायचा आधी, जॉयस्टिकचं पान होतं त्याला. पण दोन दिवसांपूर्वी गर्दीतल्या कुणा मुलाने त्याचं वायफाय पकडून भर शोमध्ये रोव्हर फिरवला, म्हणून ते पान मी काढून टाकलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात "हाताने चालवायची सोय बंद" असं बसलं होतं. पट्टी ते लॅपटॉप ब्लूटूथ, लॅपटॉप ते रोव्हर वायफाय, आणि लॅपटॉप पाठवतो ती नुसती अक्षरं. कीबोर्डच्या बाणांना ती अक्षरं जोडणं दोन-चार ओळींचं काम होतं. मला ते सुचलं रात्री एक वाजता, घरी, पाय धुताना.

काय केलं

रोव्हर पिल्लाला उचलू शकणार नव्हता, त्याचा पंजा शोपुरता, पुठ्ठ्याचा अंतराळवीर ओढण्याइतका. इथेही आजीच कामी आल्या. मांजर ज्या गोधडीवर व्याली होती तिचा तुकडा त्यांनी फाडून आणला, "आईचा वास आहे त्याला, येईल ते." तुकडा रोव्हरच्या मागे बांधला, आणि रोव्हरलाही लांब नायलॉनची दोरी, अडकला तर ओढून घेता यावा म्हणून.

नऊ वाजून पाच मिनिटांनी रोव्हर आत गेला. शेपटी आणि डेकखालचे पहिले सहा फूट सरळ, सुरेख. मग कॅमेऱ्यात पिल्लू दिसलं. ओलं, अंग चोरून बसलेलं, तोंड उघडत होतं पण आवाज नव्हता.

स्क्रीन ऑपरेटरच्या समोरच होती. तिचा आकडा एकदम चाळीसवर आला, रोव्हर थांबला. तिने पुन्हा पाढा सुरू केला, ओठ हलताना दिसत होते, आकडा वर जाईना. मागून लोक "चल, चल, पोचलीस" म्हणत होते, पंधरा-वीस मोबाईल तिच्या तोंडावर. आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. पाणी आल्यावर माणूस काय करतो, पापण्या मिटतो. दोनदा मिटल्या, रोव्हर उजवीकडे वळला, पुन्हा दोनदा, पुन्हा उजवीकडे, आणि त्याचं पुढचं चाक लोंबणाऱ्या वायरच्या वेटोळ्यात गेलं. ती थांबवायचा प्रयत्न करत होती आणि रडूही येत होतं. पट्टीला तिची तळमळ कळत नव्हती, पापणी तेवढी कळत होती.

मी पट्टी काढायला सांगितली. नाही म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, मग काढली. हात थरथरत होते, कपाळावर इलेक्ट्रोडचा लाल ठसा.

पुढची पाच मिनिटं फार महत्त्वाची होती. सगळ्यात आधी मोबाईलवाल्यांना मागे केलं, काकांनी ते काम चोख केलं, दोरी लावून टाकली. दुसरं म्हणजे दोरी हलकेच ओढून रोव्हर वेटोळ्यातून मोकळा केला. आणि तिसरी गोष्ट सुचली ती लुनोखोदमुळे, हे मी कधीतरी वाचलेलं तेव्हा आठवलं याचं मला अजून बरं वाटतं. १९७० मध्ये रशियन लोकांनी चंद्रावर लुनोखोद नावाची गाडी पृथ्वीवरून चालवली. सिग्नल जाऊन परत यायला अडीच सेकंदांच्या वर लागतात, आणि ती चालवायला एक माणूस नव्हता, पाच जणांची टीम होती, ड्रायव्हर वेगळा, रस्ता बघणारा वेगळा, आणि सगळ्यांवर एक कमांडर. आमच्या पट्टीचा आकडाही दोन-तीन सेकंद मागेच असायचा. म्हणजे चंद्रावरच्या गाडीएवढा उशीर आमच्या स्टिल्टमध्येच होता, आणि आम्ही बघण्याचं, ठरवण्याचं, चालवण्याचं सगळं ओझं एका वीस वर्षांच्या मुलीवर टाकलं होतं.

मग स्क्रीन माझ्याकडे फिरवली. ती माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. पुन्हा पट्टी लावायची का हे तिलाच विचारलं, "नको असेल तर दोरी ओढून रोव्हर बाहेर घेतो, काही बिघडत नाही." तिने पाणी प्यायलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "मला पिल्लू दाखवू नका फक्त. तुम्ही बोला, मी चालवते."

पुढे फक्त तीन शब्द, "चल", "थांब", "डावी". चल म्हटलं की पाढा, थांब म्हटलं की सोडला. फूटभर गेलं की थांबायचं, बघायचं, मग पुढे. गर्दी इतकी शांत झाली होती की ब्लोअरचा आवाज आणि ताडपत्रीवरचा पाऊस एवढंच ऐकू येत होतं. तीन फुटांना बारा मिनिटं लागली. शेवटचा डावीकडचा वळसा तिसऱ्या प्रयत्नात जमला आणि गोधडीचा तुकडा पिल्लाच्या पुढ्यात, टर्मिनलच्या विरुद्ध बाजूला आला.

पिल्लू हललं नाही.

मिनिटभर काहीच नाही. आजी शेपटीच्या तोंडाशी गुडघे टेकून बसल्या होत्या, त्या रोज दूध ठेवताना काढतात तसा जिभेचा आवाज काढायला लागल्या. पिल्लाने मान वर केली, गोधडी हुंगली, आणि पुढचे दोन पाय तिच्यावर टाकून नखं रुतवली. पोट गोधडीवर आलं तसा मी दोरी धरणाऱ्या इलेक्ट्रिशियन दादाला हात केला. त्यांनी दोरी जी काय ओढली, इंच-इंच, दोन्ही हातांनी, विहिरीतून भरलेली कळशी काढतात तशी. नऊ वाजून एकतीस मिनिटांनी गोधडी, पिल्लू आणि उलटा पडलेला रोव्हर एकदम बाहेर आले.

निकाल

पिल्लू जिवंत होतं, गारठलेलं, उजव्या पुढच्या पायाच्या गादीला छोटा भाजल्याचा डाग. तो शॉकचा की गरम पॉवर सप्लायचा हे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. आठवडाभरात बरं झालं.

अग्निशमन दलाचे लोक दहा-बारा मिनिटांनी पोचले. मेन बंद करायच्या आधी त्यांच्यासमोरच इलेक्ट्रिशियन दादांनी डेकखालच्या अॅल्युमिनियमच्या फ्रेमला टेस्टर लावला, आणि टेस्टर पेटला. फ्रेममध्ये करंट होता. म्हणजे तो तेरा वर्षांचा मुलगा पोटावर सरपटत, ओल्या जमिनीवरून, त्या फ्रेमला खांदा घासत गेला असता. मी तिथेच खाली बसलो. त्याची आई काही बोलली नाही, त्याला घेऊन वर गेली.

मग मेन बंद केलं, शेपटी खाली बसली, त्या रात्रीचे उरलेले शो रद्द. मूर्ती हलवावी लागली नाही, गुरुजींना फोन करून नको म्हणून सांगितलं.

ऑपरेटरचं डोकं दोन दिवस दुखत होतं आणि ती देखाव्याकडे फिरकलीच नाही. तिचा व्हिडिओ, रडतानाचा, तोपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर आणि बाहेरही फिरला होता. कौतुक म्हणूनच टाकला होता लोकांनी, पण तिला तो नको होता. काकांनी एकेकाला फोन करून काढायला लावला, सगळीकडून निघाला असेल असं नाही.

आता काय वेगळं केलं असतं

सगळ्यात आधी एक पर्याय जो आम्ही मोजलाच नाही. दुसऱ्या दिवशी दादा शेपटी परत उभी करत होते तेव्हा सहज म्हणाले, "काल सहा जणांनी बांबू लावून कापड वर धरलं असतं आणि मेन बंद केलं असतं तर?" खरंच. मंडपाचे बांबू तिथेच पडले होते, माणसं पन्नास होती. कापड पडतं म्हणून मेन बंद करता येत नाही इथे मी थांबलो, कापड धरता येतं हा पुढचा विचार केलाच नाही, कारण तोवर माझी नजर रोव्हरवर गेली होती. यंत्र तयार होतं म्हणून प्रश्नही मला त्या यंत्राला साजेसाच दिसला. करंट बंद करून मग रोव्हर पाठवला असता तरी चाललं असतं, बॅटरीवरच तर होता तो. तसं झालं असतं तर रोव्हर वेटोळ्यात अडकला तेव्हा माझ्या छातीत जे धस्स झालं ते झालं नसतं.

वायरिंगचं तर बोलायलाच नको असं वाटतं, पण बोलायलाच हवं, कारण ठाण्यात दर वर्षी शेकडो मंडप असेच उभे राहतात. तात्पुरत्या कनेक्शनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच, लावला असता आणि फ्रेमला अर्थिंग दिलं असतं तर फ्रेममध्ये करंट उतरल्याबरोबर, कुणाला लागायच्या आत, सप्लाय कट झाला असता. दोन्ही नव्हतं. ब्लोअर आणि लाइट एका बोर्डावर नकोत. टर्मिनलचं झाकण माझ्या टूलबॉक्समध्ये सापडलं, स्क्रूसकट. या चारही गोष्टींचा खर्च त्या चंदेरी कापडापेक्षा कमी होता.

पट्टीबद्दल माझं मत आता पक्कं आहे. शोसाठी ठीक, पण जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे हाताने चालवायची सोय हवीच, आणि ती आधी वापरायची. मनाशी जोडलेल्या यंत्राची गोम अशी की घाबरलेल्या, रडणाऱ्या, दमलेल्या माणसाच्या हातात ते सगळ्यात आधी साथ सोडतं, आणि बचाव करणारा माणूस नेमका तसाच असतो. बोट थरथरलं तरी बटण दाबता येतं. थरथरत्या मनाने पाढा म्हणून बघा.

आणि ऑपरेटरला "नाही" म्हणायची जागा द्यायला हवी होती, पहिल्यांदाच, दुसऱ्यांदा नव्हे. ती स्वतः पुढे आली म्हणून मी विचारलंच नाही. पन्नास लोक बघताहेत, पोरं रडताहेत, अशात पुढे आलेल्या मुलीला नंतर मागे कसं जाता येणार? दुसरा ऑपरेटर तयार केला नव्हता, तिला बदलून घेण्याची सोयच नव्हती. पट्टी काढ हे मला दोनदा सांगावं लागलं, ते काम आधीपासून कुणा एकाचं ठरलेलं हवं होतं आणि तो माणूस स्क्रीन बघणारा नको.

३ सप्टेंबरपासून शो पुन्हा सुरू झाला, वायरिंग नवीन, आरसीसीबी बसवलेला. निवेदनातलं "नुसत्या मनाने" हे काढलं आणि पापणी, कपाळ, एकाग्रता हे सगळं कसं चालतं ते साधं सांगितलं. मुलांना उलट ते जास्त आवडलं, रांगेत उभी राहून पापण्या मिटून बघत होती. ऑपरेटर चार तारखेला आली. पट्टी उचलायच्या आधी तिने लॅपटॉपवर नवीन जोडलेले बाण एक-एक दाबून बघितले, मग स्पेसबारवर लाल टेप चिकटवला, त्यावर पेनाने "थांब" लिहिलं, आणि त्या तेरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या खुर्चीत बसवून त्याचं बोट टेपवर ठेवलं.